दहावा माणूस कामोठ्यात होता

सॅम काका शुक्रवारी सकाळी गेले आणि दुपारपर्यंत आम्हाला एक माणूस कमी पडत होता.

जे त्यांना नावाने ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: पनवेलमध्ये जुन्या लाल रेसर सायकलवर एक बारीक आजोबा फिरायचे ना, पँटला कपड्याचा चिमटा लावून? तेच. आमच्याच बिल्डिंगमधले.

ती सायकल म्हणजे क्लासिक. स्टील फ्रेम, गिअरचे लिव्हर हँडलवर नाहीत, खाली दांडीवर. टायर माझ्या अंगठ्याएवढे.

"काका, आपल्या रोडवर हे टायर? सीरियसली?"

"रोड नंतर बिघडले रे. सायकल आधीची आहे."

संडे राइडला ते आमच्या ग्रुपबरोबर यायचे. आम्ही जर्सी, ग्लोव्हज, सगळा जामानिमा. ते इस्त्रीच्या शर्टात. मार्केट, वडाळे तलाव, स्टेशन. गटाराची जाळी आली की मागून ओरडायचे, "तिरकी घे! सरळ गेलास तर चाक आत!"

शनिवारी मात्र नाही. काका ज्यू. कोकणातले, घरात पक्कं मराठी. शब्बाथला सायकल बंद.

"शनिवारी मी पण घरी, ती पण घरी. दोघं आराम करतो."

तर शुक्रवार.

सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, त्याच्या आत दफन व्हायला हवं होतं. आणि तिथल्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बरेचसे नातेवाईक इस्राएलला गेलेले.

सॅम काकांच्या रिबेका काकू म्हणाल्या, "नऊच होतायत."

आमचे सेक्रेटरी जोशी काका तिथेच होते. त्यांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. थोड्या वेळात सगळे पुरुष खाली. कोणी वर्क फ्रॉम होम सोडून आलेलं, वर फॉर्मल शर्ट, खाली बर्म्युडा.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. दहा काय, तीस आहेत!"

काकू त्या दिवशी तेव्हाच काय त्या हसल्या. "अहो जोशी, आमच्यातले लागतात हो."

दहावे होते बेनी काका. सॅम काकांचे मावसभाऊ, कामोठ्याला एकटे राहतात. फोन वाजत होता, उचलत नव्हते. जोशी काकांनी कार काढली, ती कोपऱ्यावरच ट्रॅफिकमध्ये अडकली.

काकू म्हणाल्या, "कुणाकडेही दहावा कमी पडला की सॅम सायकल काढायचा. जेवण अर्धं टाकून जायचा. त्याच्यासाठी नऊवर अडायला नको रे, रोहन."

माझी सायकल सर्व्हिसिंगला होती. काकूंनी काकांच्या सायकलची चावी दिली.

टायर टणक होते. हवा त्यांनीच भरलेली असणार.

ती सायकल मी पहिल्यांदाच चालवली. पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. पण गाड्यांच्या मधून अशी निघते, की विचारू नका. खांदा कॉलनी, मग हायवेखालून कामोठे. जाळ्या सगळ्या तिरक्या घेतल्या.

बिल्डिंगखाली एक मावशी मासे विकत होत्या.

"बेनी काका इथेच ना?"

"वरती हाय म्हातारा. कानातलं मशीन काढून झोपला असंल. जोरात वाजव. लिफ्ट बंद हाय, बघत नको बसू."

खूप दार वाजवलं. शेवटी उघडलं. मी सांगितलं. त्यांनी मशीन कानात घातलं आणि म्हणाले, "परत सांग."

परत सांगितलं.

"आज? शुक्रवारी? आयुष्यभर घाई त्याला." मग टोपी शोधायला लागले.

मी रिक्षा थांबवली. बसताना त्यांनी सायकलकडे पाहिलं.

"अजून याच टायरवर?"

"हो."

"मूर्ख होता," म्हणाले आणि रिक्षावाल्याला, "चल बाबा, जोरात घे."

मी मागून निघालो. दफनभूमीच्या भिंतीवर ऊन अजून होतं. नऊ जण वाट बघत उभे होते. बर्म्युडावाले सगळे पँट घालून मागे, डोक्यावर रुमाल.

बेनी काका रिक्षातून उतरले. कोणीतरी म्हणालं, "झाले दहा."

काकूंनी डोळे मिटले.

प्रार्थना हिब्रूत होती, मला एकही शब्द कळला नाही. मी गेटपाशी उभा राहून आवाज मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही, सगळे एकत्र येत होते.

सॅम काका, सावकाश जा. आता कुठे वेळेवर पोचायचं नाहीये.