माणिकमामांचा बाकी राहिलेला कप

माणिकमामा कुणाला खोली दाखवायला निघाले की आधी खिशात रुमाल आहे का ते चाचपून बघत. मला वाटलं होतं, हैदराबादच्या उन्हामुळे असेल. नंतर कळलं की रुमाल त्यांना रडायला लागायचा.

मामा नल्लकुंट्यात घरांची दलाली करत. मूळचे आमच्या देगलूरकडचेच, पण त्यांच्या वडिलांनी शेती भावांवर सोपवून शहर गाठलं, म्हणून मामांचा जन्म इथला. त्यांची मराठी आपल्यासारखीच, फक्त मध्येच दख्खनीत शिरायची आणि एखाद्या तेलुगू शब्दावर येऊन थांबायची. बारावीनंतर मी इथे कॉलेजला आले तेव्हा सोबत बाबा होते. बाबा गावात पिठाची गिरणी चालवतात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शहरात खोली कशी शोधतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. गावातल्या एकाने सांगितलं होतं, "नल्लकुंट्यात कोपऱ्यावरचं इराणी हॉटेल विचारा. खिडकीजवळच्या टेबलावर माणिकराव बसलेले असतील." आम्ही विचारत गेलो. ते बसलेले होते.

"या, या. पोरगी शिकायला आणली? लई चांगलं केलंत," असं म्हणून ते उठले आणि आम्हाला चालवत घेऊन निघाले.

पहिल्याच वळणावर थांबले. समोर काचेची मोठी इमारत होती, खाली मोबाइलची दुकानं. मामा म्हणाले, "इथं टॉकीज होतं. बाल्कनीचं तिकीट मिळालं की माणूस परत घरी जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. आसं टॉकीज होतं." त्यांचा आवाज भरून आला. रुमाल बाहेर आला.

बाबांना वाईट वाटलं. त्यांनी अदबीने विचारलं, "मग पाडलं कुणी?"

"मालकानं विकलं."

"कुणाला?"

"गिऱ्हाईक मीच आणलं होतं," मामा डोळे पुसत म्हणाले. "फार चांगला सौदा झाला."

पुढे एका अपार्टमेंटच्या पार्किंगपाशी ते पुन्हा थांबले. तिथे म्हणे दगडी बावडी होती आणि सगळ्या मोहल्ल्याची पोरं तिच्यात पोहायला शिकली होती. मामासुद्धा. तीही त्यांनीच विकली होती. मग एक बेकरी आली, म्हणजे बेकरीची जागा आली. तिथला पाव गरम असताना वास चिक्कडपल्लीपर्यंत जायचा, असं ते म्हणाले. ती कुणी विकली, हे बाबांनी आता विचारलं नाही. मामांनी आपणहून सांगितलं.

मला ते खोटं रडणं वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्यांना खरंच दुःख व्हायचं, आणि सौदाही खरंच चांगला व्हायचा. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

खोली मिळाली. घरमालकीणबाईंच्या मुलाला घेऊन आम्ही पुन्हा इराणी हॉटेलात आलो, कारण मामांचा एक नियम होता. सौदा बोलण्याने पक्का होत नाही, चहाने होतो. "कप खाली होईपर्यंत शब्द कच्चा," ते म्हणत. जाड पांढऱ्या कपांतून चहा आला. मामा बोलत होते आमच्याशी, पण नजर कपांवर होती. मुलाने कप संपवला. बाबांच्या कपात दोन घोट राहिले.

"अजून मनात आहे काही," मामा म्हणाले. "बोला."

बाबा म्हणाले, "नाही, नाही, सगळं ठीक आहे."

"ठीक असतं तर कप रिकामा असता. बोला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "पोरीच्या खोलीची आतली कडी नीट लागत नाही."

त्याच दुपारी सुतार आला आणि नवी कडी बसली. बाबांनी परत येऊन तो गार झालेला चहा उभ्याउभ्याच संपवला. रात्री गावाकडच्या गाडीत बसताना मात्र खिडकीतून मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण आपलं घर दाखवू नको त्यांना."

माझ्या खोलीतल्या बाकीच्या तिघी तेलुगू बोलायच्या. आठवडाभर मराठी कानावर पडली नाही की मी रविवारी इराणी हॉटेलात जायचे. मुलीने एकटीने तिथे बसायचं म्हणजे मला संकोच वाटायचा, पण आत फॅमिलीसाठी पडद्याचा एक कप्पा होता. मामांचं टेबल त्याला लागूनच. मी बन-मस्का खायचे आणि पडद्याच्या अलीकडून त्यांचं बोलणं ऐकायचे. ते टेबल म्हणजेच मामांचं ऑफिस होतं. त्यांच्या कार्डावर पत्तासुद्धा तोच छापलेला होता, 'इराणी हॉटेल, खिडकीजवळ'. हॉटेलचे मालक आगासाहेब त्या टेबलाचं भाडं घेत नसत. दिवसभर ते काउंटरमागे बसून गल्ल्याशेजारची पितळी घंटी वाजवून वेटरांना बोलवत. दोघे मित्र होते, पण दिवसाला फार तर चार वाक्यं बोलत. त्यातली दोन हवामानावर.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी मामा पडद्याजवळ आले. "पोरी, वाईट बातमी आहे. तुझी खोली जाणार. ते घरच पाडणार आहेत."

"अरे बापरे. कुणी विकलं, मामा?"

मामा खिशात रुमाल शोधायला लागले, तेव्हा मला उत्तर मिळालं.

खरं सांगायचं तर त्यांनी आठवड्याच्या आत मला आधीपेक्षा हवेशीर खोली मिळवून दिली. जिना चढून आल्यावर सर्वांत आधी त्यांनी दाराची कडी तीनदा लावून-काढून बघितली. मग खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "इथं समोर एक कडुलिंब होता..." मी त्यांना पुढे विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यानंतर आगासाहेबांनी त्यांना सांगितलं, "मानिकराव, गिऱ्हाईक देखो." आगासाहेबांची बायको वारली होती. दोन्ही मुलगे टोरंटोला. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत, आणि त्यांना मुलांकडे जायचं होतं.

टॉकीज, बावडी, बेकरी यांना मामांनी जितके दिवस लावले असतील, त्याहून कितीतरी जास्त दिवस या एका कोपऱ्याला लागले. गिऱ्हाइकं येत होती. मी पडद्यामागून ऐकत होते. मामा प्रत्येकाला जागेची तोंडभरून स्तुती करून सांगत आणि शेवटी आवाज खाली आणत. "जागा सोन्यासारखी आहे. फक्त रस्ता समोरून सरळ अंगावर येतो बघा. वास्तूवाल्याला एकदा विचारून घ्या." दुसऱ्याला म्हणाले, "पावसात पाणी शिरतं, पण गुडघ्याच्या वर नाही." मी त्या हॉटेलात दोन पावसाळे काढले होते. पाणी पायरीलासुद्धा शिवलं नव्हतं. गिऱ्हाईक अर्धा कप ठेवून उठून जाई, आणि मामा त्या अर्ध्या कपाकडे समाधानाने बघत बसत.

एका रविवारी दुपारी हॉटेल रिकामं होतं. आगासाहेब काउंटरमागून बाहेर आले. त्यांना मी त्याआधी कधी चालताना पाहिलं नव्हतं. गुडघे धरून, एकेक टेबल पकडत ते खिडकीपर्यंत आले आणि मामांसमोर बसले.

"मानिकराव, टॉकीज कौन बेचे?"

"मैं."

"बावडी?"

"मैं."

"बेकरी?"

"मैंच बेचा, आगासाहेब."

"रोते-रोते बेचे, मगर बेचे. मेरी बारी आई तो खाली रो रहे, बेच नहीं रहे. कैकू?"

मामांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मैं बैठूँगा किधर?"

इतकंच. मला वाटलं होतं ते शहराबद्दल, जुन्या दिवसांबद्दल काहीतरी बोलतील. त्यांच्याकडे अशा वाक्यांची कमतरता कधीच नव्हती.

आगासाहेबांनी हात लांब करून मामांचा हात धरला. "मियाँ, मेरे पोते मेरे कू फोन में देखते. बोलते, दादा, घंटी बजाओ. मैं बजाता, वो हँसते. फिर फोन बंद. मेरे कू घंटी नहीं बजानी. मेरे कू उनके बाजू में बैठना है. आपकू एक टेबल होना, मेरे कू भी एक कुर्सी होना. क्या बोलते?"

मामांनी नाक शिंकरलं. "हौ," ते म्हणाले. "कल से."

दुसऱ्या दिवसापासून त्या कोपऱ्यावर रस्ता अंगावर यायचा थांबला आणि पाणीही शिरेनासं झालं. महिन्याभरात बिल्डर मिळाला. मामांनी सौदा असा केला की आगासाहेबांना एकदाही कुणाला फोन करावा लागला नाही. दोन म्हाताऱ्या वेटरांना नव्या इमारतीत काम मिळेल, हेही त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

शेवटची बैठक खिडकीजवळच झाली. बिल्डरकडून एक तरुण मुलगा आला होता. तो आपली बाटली घेऊन आला होता आणि तिच्यात हिरवट काहीतरी होतं. "अंकल, मी चहा घेत नाही," तो म्हणाला. मामा म्हणाले, "इथं घ्यावा लागतो." त्याने औषध घ्यावं तसा डोळे मिटून एका दमात कप रिकामा केला. आगासाहेबांनी बशीत ओतून सावकाश संपवला. मामांचा कप भरलेला होता.

"मानिकराव, आपका कप," आगासाहेब म्हणाले.

"गरम है."

सह्या झाल्या. कागद फाइलीत गेले. कपावर साय धरली.

"अब तो ठंडा हो गया."

"अब ठंडा है, तो कैसे पिऊँ?"

आगासाहेब हसले. मग हसायचे थांबले. बिल्डरच्या मुलाला कपाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या दृष्टीने सौदा झालेला होता. तो मोबाइलवर बोलत बाहेर पडला. आगासाहेबांनी घंटी वाजवली नाही. तो भरलेला कप त्यांनी स्वतः उचलून आत नेला.

आगासाहेब टोरंटोला गेले. हॉटेल पाडलं. कोपऱ्याला पत्रे लागले आणि मामा काही महिने कुठेच दिसेनात. कुणी म्हणे सुलतान बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसतात, कुणी म्हणे धंदा सोडला. फोन केला की "बरं आहे, बरं आहे" म्हणत आणि ठेवून देत.

यंदा माझी धाकटी बहीण इथे कॉलेजला आली. बाबा सोबत होतेच. खोलीसाठी मी मामांना फोन केला, तर म्हणाले, "अरे, या की. पत्ता तोच."

पत्ता खरोखर तोच होता. नवी इमारत उभी राहिली होती. बिल्डरने तिला हॉटेलचंच नाव दिलं होतं आणि फलकावर वाफाळत्या चहाचं भलंमोठं चित्र काढलं होतं. खाली फ्लॅट विकायचं गार हवेचं ऑफिस, आणि त्यात खिडकीजवळ एका खुर्चीवर मामा. लोकांना जुन्या गोष्टी ऐकायला आवडतात, म्हणून बिल्डरनेच त्यांना आणून बसवलं होतं. "कार्ड बदलायची गरजच पडली नाही बघ," मामा मला म्हणाले.

आम्ही बसलो तेवढ्यात पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक जोडपं आत आलं. मामा उठले. त्यांनी त्यांना फरशीवर उभं करून दाखवलं, इथं काउंटर होता, इथं पडद्याचा कप्पा, इथं पितळी घंटी. घंटीपाशी त्यांचा आवाज गेला. रुमाल निघाला. त्या बाईंचेही डोळे भरले. आतल्या केबिनमधून आलेल्या सेल्सच्या मुलीला त्या हळूच म्हणाल्या, "काका किती छान करतात हो!" आणि त्यांनी तिथेच फ्लॅट ठरवला.

मशीनचा चहा कागदी कपांतून सगळ्यांना आला. जोडप्याने संपवला, सेल्सच्या मुलीने संपवला, आम्हीही संपवला. मामांचा कप खिडकीत तसाच होता.

बाबा त्या कपाकडे बघत होते. बाबा फार कमी बोलतात. पण तेव्हा म्हणाले, "माणिकराव, अजून मनात आहे काही. बोला."

मामा हसले. "छे हो. डॉक्टरनं साखर बंद केली आहे."

मग ते आम्हाला बाहेर घेऊन गेले. रस्त्यापलीकडे एक चहाची गाडी होती. तिथे बहिणीच्या नव्या घरमालकांना बोलावून घेतलं. "पाच चाय, शक्कर जरा ज्यादा," मामांनी सांगितलं, आणि कडीची चौकशी आपणहून करून, सगळ्यांच्या आधी स्वतःचा काचेचा ग्लास तळापर्यंत संपवला. खोली पक्की झाली. पाठीमागे इमारतीच्या वरच्या मजल्यांवर पडदेसुद्धा लागले होते. पण मामांच्या नियमाने बघितलं तर त्या कोपऱ्याचा सौदा अजून कच्चाच आहे.

संध्याकाळी मी बाबांना गाडीत बसवायला गेले. त्यांनी खिडकीची काच सरकवली. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "माणिकरावांना एकदा गावाकडं घेऊन ये. बघू दे आपलं घर."