उसने आजोबा

माझी मुलगी बारावीत होती त्या वर्षी टेक्सासमधल्या प्लेनोतली आमच्या ओळखीची मराठी घरं एकमेकांशी सरळ खोटं बोलायला लागली. तुमचं मूल कुठे अर्ज करतंय असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, "बघू या, अजून काही ठरलं नाही." ठरलेलं सगळं होतं, आणि आठवी-नववीपासून ठरलेलं होतं. पण आपण लावलेली शिडी शेजाऱ्याला दिसू द्यायची नव्हती.

अर्ली डिसिजन नावाची एक पद्धत इथे आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच विद्यापीठाला अर्ज करायचा, घेतलंत तर तुमच्याकडेच येईन असं लिहून द्यायचं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. त्या दीड महिन्यात चांगली शिकली-सवरलेली माणसं किती क्षुद्र होतात ते मी जवळून पाहिलं. मीही त्यातलाच होतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा सगळ्यात जवळचा मित्र पुण्याचा. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याचे वडील बँकेत मोठे अधिकारी होते, आजोबा हेडमास्तर. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत दोन पेग पोटात गेले की रिझर्व्हेशनमुळे आपली हवी ती सीट कशी गेली ते तो सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, "इथे एक बरं आहे यार, इथे फक्त मेरिट चालतं." आम्ही नागपूरचे, बौद्ध. माझं आडनाव ऐकून त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. मग माझ्याकडे बघून तो म्हणायचा, "तुझी गोष्ट वेगळी." पंधरा वर्षं हे वाक्य मी कौतुक म्हणून घेतलं. आज त्याची मला किळस येते, आणि त्याच्यापेक्षा थोडी जास्त स्वतःची.

आता या मेरिटवाल्याच्या घरातलं मेरिट सांगतो. त्याच्या मुलाला सातवीपासून तलवारबाजीच्या क्लासला घातलं होतं, कारण आपल्या मुलांत ती कोणी करत नाही, म्हणजे अर्जात उठून दिसते. तो पोरगा सुट्टीत दोन आठवडे पुण्याजवळच्या एका खेड्यात जाऊन आला. तिथल्या बायकांना सौरदिवे वाटतानाचे त्याचे फोटो एका वेबसाइटवर टाकले गेले आणि त्या वेबसाइटला संस्था म्हणायचं ठरलं. मुलगा मात्र वाईट नव्हता. कमी बोलायचा, आमच्याकडे आला की स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवायचा.

त्यांनी मुलासाठी काउन्सेलर लावली तेव्हा आम्हीही तीच लावली. अर्जासोबत मुलानं स्वतःबद्दल एक निबंध लिहायचा असतो, आणि तो 'घडवणं' हा या बाईंचा धंदा. पहिल्याच व्हिडिओ कॉलमध्ये त्यांनी विचारलं, "एनी स्ट्रगल इन द फॅमिली?" चपलांच्या दुकानात पायाचं माप विचारतात त्या आवाजात.

आणि मी लगेच माझ्या वडिलांची गोष्ट काढली.

ती गोष्ट अशी. माझे वडील नागपूरला एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या. वडिलांचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी ते छापखान्यातच शिकले, उलट्या बाजूनं. म्हातारपणीसुद्धा समोरच्या माणसाच्या हातातला पेपर ते पलीकडून भराभर वाचायचे. छापखान्यात त्यांचा पाण्याचा पेला वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. शहरातल्या मोठ्या घरांच्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून जुळत. सहकुटुंब सहपरिवार येण्याचं आग्रहाचं निमंत्रण त्यांनी शेकडो वेळा जुळवलं, आणि त्यातल्या एकाही लग्नाला त्यांना कोणी बोलावलं नाही. हे ते हसत सांगायचे. त्यांचं हसणं मला अजून नीट उलगडलेलं नाही.

हीच गोष्ट मी त्या उन्हाळ्यात मित्राच्या अंगणात जेवताना सांगितली होती. माझी मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मित्राचा मुलगा मात्र खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. "काका, पेला कशाचा होता? अल्युमिनियम?" त्यानं विचारलं. खिळे किती मोठे असायचे, हात काळे व्हायचे का, सगळं विचारलं. मला फार बरं वाटलं. आपल्या मुलीपेक्षा हा पोरगा संवेदनशील आहे, असंही मी घरी जाताना बायकोला म्हणालो.

तर, कॉलवर ही गोष्ट ऐकून काउन्सेलर बाई म्हणाल्या, "धिस इज गोल्ड."

मुलगी म्हणाली, "नो."

"का नाही?" मी विचारलं.

"ती आजोबांची गोष्ट आहे. मी त्यात काय केलंय? मला तर स्वतःची रूम आहे."

मी आठवडाभर तिच्या मागे लागलो. समजावलं, ओरडलो, एकदा हातही जोडले. ती ऐकेना. शेवटी तिनं ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्याबद्दल लिहिलं. दुसऱ्यांदा परीक्षक म्हाताऱ्यानं तिला खिशातली गोळी दिली होती, त्याबद्दल. मी वाचला आणि तोंड वाकडं केलं. निबंध चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याला तिथे भाव मिळणार नाही, एवढाच विचार मी करत होतो.

मग ते दीड महिन्याचं वाट पाहणं. माझी बायको रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळते, देवधर्म मानत नाही. तीसुद्धा अर्जाचं पोर्टल उघडताना हिरवं दिसलं तर प्रवेश नि निळं दिसलं तर नकार, असलं काहीतरी वाचत बसायची. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये विद्यापीठाचं पान रिफ्रेश करायचो. निकालाची तारीख आणि वेळ आधीच कळवलेली असते, त्यामुळे रिफ्रेश करून काहीही होणार नव्हतं. तरी करायचो.

निकालाच्या दिवशी मित्रानं सहा-सात घरं जेवायला बोलावली. "जे होईल ते एकत्र बघू," तो म्हणाला. त्याच दिवशी कळलं की त्याच्या मुलानं अर्ज केलाय तो माझ्या मुलीच्याच विद्यापीठाला. दीड महिना त्यानं ते माझ्यापासून लपवलं होतं, आणि मीही त्याच्यापासून तेच लपवलं होतं. आम्ही दोघं हसलो. अशा वेळी दुसरं काय करणार.

मुलीला यायचं नव्हतं. मीच ओढून आणली. निकाल सहा वाजता होता. सहाला पाच मिनिटं असताना ती फोन घेऊन बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसली. इकडे मित्रानं मुलाचा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला होता. सहा वाजले. पडद्यावर अभिनंदनाचा, रंगीत कागदांचा पाऊस पडला. त्याची आई रडायला लागली, सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या, आणि दाराकडे बघत राहिलो.

कोणीतरी म्हणालं, "आता निबंध वाचून दाखव. आता काय लपवायचं?" मुलगा नको म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आनंदानं. शेवटी मित्रानंच फोनवर काढून मोठ्यानं वाचला. पहिलं वाक्य होतं, "माझे आजोबा इंग्रजी उलट्या बाजूनं शिकले."

खिडकीतला पेला होता. माझ्या गोष्टीत तो नुसता पेला होता, इथे चेपलेला होता. काळे हात होते. लग्नपत्रिका होत्या. शेवटच्या परिच्छेदात त्या आजोबांच्या हातांनी नातवाला तलवार धरायला शिकवलं होतं. खोलीत एक बाई डोळे पुसत होत्या. माझी बायको माझ्याकडे बघत होती.

मी मित्राला गॅरेजमध्ये नेलं.

"तुझे वडील बँकेत होते," मी म्हणालो.

"अरे यार, एसे आहे. थोडं क्रिएटिव्ह असतंच."

"ते माझे वडील आहेत."

"आम्ही कुठे नाव घेतलंय? आणि तुझ्या मुलीनंच सांगितलं की ती वापरत नाहीये. वाया गेली असती गोष्ट." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमानं. "आणि तुमच्याकडे काय, अशा अजून पन्नास असतील."

इथे मी काहीतरी जबरदस्त बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. मी "बरं" म्हणालो. बायकोला खुणेनं बोलावलं आणि आम्ही निघालो.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर होती. "डिफर्ड," ती म्हणाली. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. वसंतात बाकीच्यांबरोबर पुन्हा बघू. मी तिला आत काय झालं ते सांगितलं.

"त्यानं ऑक्टोबरमध्ये विचारलं होतं, आर यू यूजिंग इट? मी म्हटलं, नाही, ती माझी नाहीये. मला वाटलं, तो सहज विचारतोय."

"मी विद्यापीठाला कळवणार आहे," मी म्हणालो.

"त्याला काढलं तर मला घेतील?"

"नाही."

"मग नको. आपले आजोबा खरे आहेत हे मला त्या लोकांना सिद्ध करून दाखवायचं नाहीये." आणि मग, खिडकीतून बाहेर बघत, "बाबा, तूही आजोबांना विकायलाच सांगत होतास. फक्त आपण विकू, एवढंच."

बायको गाडी चालवत होती. तिनं आरशातून मुलीकडे बघून मान हलवली.

मी पत्र तरीही लिहिलं, दोन पानी. ते पाठवलं नाही. मित्राच्या घरापेक्षा आपण वेगळे आहोत हे पत्रात लिहिताना मी तीन वेळा अडलो. नंतर मार्चमध्ये तिकडून नकार आला, दोन वाक्यांचा. मुलगी टेक्सासमध्येच, चार तासांवरच्या सरकारी विद्यापीठात गेली. तिथे तिचं छान चाललंय.

ऑगस्टमध्ये, पूर्वेकडच्या त्या विद्यापीठात जायच्या आदल्या दिवशी, मित्राचा मुलगा एकटाच आमच्या दाराशी आला. "काका, सॉरी," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"यू नो."

"मला माहीत नाही. तू सांग."

बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आईबाबांना न सांगता आलोय, एवढं तो म्हणाला. मी त्याला आत ये म्हणालो नाही. पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळानं तो गेला. बायको म्हणते, त्या घरातून एवढा एकच जण आला होता, त्याला तरी तू बसवायला हवं होतंस. असेलही. मला तेव्हा तसं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही.