वरच्या कागदावरची फुली

आमच्या छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्या माणसाला सगळे दाभण म्हणतात. अंगाने तो तसाच आहे, उंच, किडकिडीत आणि वरच्या टोकाला किंचित वाकलेला. शिवाय पुस्तकं शिवायचं दाभण कायम कानामागे खोचलेलं असतं. मालकसुद्धा पगाराच्या पाकिटावर हेच नाव लिहितात. सव्वीस वर्षांत त्याने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. तक्रार हा प्रकारच त्याच्या अंगात नाही, आणि मला त्याचा पुष्कळदा राग येतो.

मी तिथे प्रूफं तपासतो. तो मला गुरुजी म्हणतो. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण दिवसभर वाचत बसणारा माणूस शहाणाच असणार अशी त्याची समजूत. छापलेल्या अक्षरावर त्याचा भलता विश्वास. छापलेलं किती चुकतं ते माझ्या टेबलाशी येऊन बघा, असं मी त्याला दहादा सांगितलं असेल. तो हसायचा. "तुम्ही आहात ना बघायला," म्हणायचा. हे वाक्य आता मला रोज आठवतं.

त्याला एकच मुलगी. हुशार. हे मी बापाच्या तोंडचं सांगत नाही. शाळेत होती तेव्हा सुट्टीत ती छापखान्यात यायची, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि गणिताच्या प्रूफांत मला सुटलेल्या चुका दाखवायची. "काका, इथे वजा हवं." आणि तिथे वजाच हवं असायचं. मला तेव्हा थोडी लाज वाटायची आणि पुष्कळ कौतुक वाटायचं.

शाळा संपली तसं तिने इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं ठरवलं. त्या परीक्षेला जन्मात दोनदाच बसता येतं. आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या क्लासचा त्यासाठी नव्वद दिवसांचा खास कोर्स होता, सकाळी सात ते संध्याकाळी सात. फी ऐकून दाभण खाली बसला. त्याचा चौदा महिन्यांचा पगार, म्हणजे निवृत्तीसाठी साठलेला सगळा फंड. घरात पंधरा दिवस तोच विषय. वहिनींचं म्हणणं, फंड काय चाटायचाय, पोरीचं आयुष्य उभं राहू दे. मुलगी म्हणायची, नको, मी घरीच करते. आणि दाभण दोघींनाही हो म्हणायचा.

शेवटी तो मला बरोबर घेऊन क्लासच्या ऑफिसात गेला. काचेची खोली, गार हवा, भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो. टेबलापलीकडच्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि जागा फक्त अकरा उरल्यात म्हणून सांगितलं. दाभण माहितीपुस्तक चाळत होता. तो हळूच मला म्हणाला, "गुरुजी, पहिला आलेला हा मुलगा गेल्या वर्षीच्या पुस्तकातसुद्धा पहिलाच आला होता. मीच कापलीत ती पुस्तकं." मला हसू आवरेना. बाई गंभीरच होत्या. म्हणाल्या, "आमची खरी ताकद आमच्या पुस्तकात आहे. मुलाने फक्त ते पुस्तक पाठ केलं ना, तरी निघून जाईल."

"ते मीच बांधतो," दाभण म्हणाला.

बाईंना ते नीट कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हो का, छान."

पण तिथेच त्याच्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने छापखान्याच्या नमुन्यांच्या कपाटातून क्लासचं गेल्या वर्षीचं आणि त्या वर्षीचं अशी दोन पुस्तकं आणली, टाके उसवून सुटी केली आणि बाइंडिंगच्या लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडली. आमच्याकडे एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. त्याची घडी घातली की होतो एक फर्मा. असे चाळीस फर्मे शिवले की क्लासचं पुस्तक. दाभणला त्यातलं भौतिकशास्त्र कळत नाही, पण त्याने आकृत्या, ओळींची टोकं, पानाच्या तळचे आकडे बघून फर्म्याला फर्मा लावला आणि मला हाक मारली. चाळीसपैकी चौतीस फर्मे हुबेहूब तेच. "बघा गुरुजी. नवीन काय, तर मुखपृष्ठ. मग मी चौदा महिने कशाचे देऊ?"

मी वाचून बघितलं. खरंच तेच होतं. बाकीच्या सहा फर्म्यांतही प्रश्नांचे आकडे तेवढे बदललेले. मी चष्मा काढला आणि छातीठोकपणे सांगितलं, "पैसे पाण्यात घालू नका. पुस्तक द्या पोरीला, पुरे आहे." मी सांगितलं. त्याने विचारलं होतं आणि मी सांगितलं.

पुस्तक बाहेर विकायला नव्हतं, फक्त क्लासच्या मुलांना मिळायचं, आणि नमुन्याच्या प्रती शिवून कपाटात परत ठेवाव्या लागल्या. पण छापताना कागद वाया जातात, ते मागच्या अंगणात पत्र्याखाली रचून ठेवतात आणि वर्षाकाठी विकतात. दाभणने मालकांची परवानगी काढली. रोज काम संपलं की अर्धा तास तो त्या ढिगात बसायचा. कुठे शाई फासलेली, कुठे छपाई तिरकी, कुठे कोपरा दुमडलेला. एकेक कागद उजेडात धरून तो निवडायचा. तीन आठवड्यांत चाळीस फर्मे जमले. त्यात एक डाग नव्हता.

मग त्याने पुस्तक शिवलं. क्लासच्या पुस्तकांना चार टाके असतात, याला त्याने सात घातले. पाठीला गोलाई दिली, निळं कापड चढवलं, वाचता वाचता खूण घालायला फीत लावली, आणि सोनेरी अक्षरांत मुलीचं नाव उमटवलं. मी छापखान्यात आयुष्य काढलं, पण असं देखणं पुस्तक पाहिलं नाही. त्याने ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते वरून खालून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, वास घेतला. आत पाहिलं नाही. वाचणं हे माझं काम, आणि त्या दिवशी तेवढंच मी केलं नाही.

मुलगी जीव तोडून अभ्यासाला लागली. रसायन छान चाललं होतं, गणित तर तिच्या हातचा मळ. भौतिकशास्त्र मात्र गळ्याशी आलं. प्रश्न सोडवायचा, मागे उत्तर बघायचं, चूक. पुन्हा सोडवायचा, तरी चूक. चारांतलं एखादं जुळायचं. ती बापाला सांगायची, "बाबा, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही." तो म्हणायचा, "पुन्हा कर. एवढ्या मोठ्या क्लासचं पुस्तक आहे, त्यात काहीतरी असेल म्हणूनच तसं दिलंय." त्याचं काही चुकलं नाही. घाबरलेल्या मुलीला बाप असंच सांगणार. ती प्रत्येक गणित दोनदा, तीनदा करायला लागली. छापलेल्या उत्तरापर्यंत पोचायचं म्हणून नसत्या वाटा काढायला लागली. वहिनींनी एकदा मला वाटेत गाठून विचारलं, "भावोजी, क्लास लावायला हवा होता का?" मी म्हटलं, "छे, होईल सगळं नीट."

परीक्षेत तिचे भौतिकशास्त्राचे एकतीस प्रश्न राहून गेले. येत नव्हते म्हणून नाही. प्रत्येक प्रश्न तीनदा करण्यात वेळ संपला. निकाल लागला, नाव नव्हतं.

नंतर आठ दिवसांनी दाभण माझ्या टेबलाशी आला. डोळे आत गेलेले. ते निळं पुस्तक त्याच्या काखेत होतं. म्हणाला, "गुरुजी, आता एकदाच बसता येईल तिला. फंड काढू का? खरं सांगा. पोरगी कमी पडली, की मी हात आखडता घेतला?"

मी पुस्तक हातात घेतलं, उगाच, काहीतरी बोलायला वेळ मिळावा म्हणून. मागची उत्तरांची पानं उघडली. भौतिकशास्त्राची उत्तरं ओळीने, एक ते आठशे. चाळिसाव्या उत्तरापाशी माझी नजर थांबली.

तो फर्मा मी ओळखत होतो. छापताना त्यात चाळिसावं उत्तर गळालं होतं आणि खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली होती. तीन हजार कागद छापून झाल्यावर मी ते पकडलं. मालकांनी आदळआपट केली, पण फर्मा पुन्हा छापला. दाभण त्या आठवड्यात सासुरवाडीला गेला होता. मी चार दिवस त्या पकडलेल्या चुकीच्या बढाया मारत हिंडत होतो. ते तीन हजार कागद ढिगात गेले. त्यांना शाई फासलेली नव्हती, कोपरा दुमडलेला नव्हता. अख्ख्या ढिगात त्या फर्म्याचे तेवढेच कागद स्वच्छ होते. दाभणला तेच मिळणार होते.

फुली मी मारली होती. निळ्या पेन्सिलीने, दर थप्पीच्या वरच्या कागदावर. आमच्या खोलीत वरच्या कागदावर फुली म्हणजे खालची अख्खी थप्पी बाद. बाइंडिंगमध्ये तसं नाही. तिथे कागद हातात घेऊन एकेक बघतात, आणि फुली म्हणजे तेवढा तो एक कागद बाद. दोन खोल्यांमध्ये एक भिंत आहे, आणि सव्वीस वर्षांत ही गोष्ट आम्ही एकमेकांना कधी सांगितली नव्हती.

मी गप्प बसलो असतो तर? पोरगी जन्मभर स्वतःला ढ समजली असती, आणि याने नुसत्या धास्तीने फंड मोडला असता. बोललो तर याचं काय होणार ते मला दिसत होतं. मी धीट माणूस नाही. पण समोर ते सोनेरी नाव होतं. मी सांगितलं, सगळं, फुलीसकट.

सगळं ऐकून झाल्यावर तो इतकंच म्हणाला, "फुली असलेला कागद मी घेतला नाही हो. बाजूला काढला आणि खालचा घेतला."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पोरगी शंभर नंबरी आहे. फंडाला हात लावू नका, फक्त बरोबर उत्तरं द्या तिला. मी स्वतः बसतो तिच्याबरोबर."

तो उठून गेला. त्याच संध्याकाळी त्याने मुलीला सगळं सांगितलं, काही न लपवता. वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा ती पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाली, "काका, उत्तरं फक्त एक घर सरकली होती. मी लहानपणी तुमच्या चुका काढायचे ना? मला हे दिसायला हवं होतं. बाबांनी केलेलं पुस्तक म्हणून मी त्याच्यावर संशयच घेतला नाही." वहिनी चहा ठेवून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

आणि दाभणने फंड काढला. सगळा. क्लासची फी एका दिवसात भरून आला. मला संताप आला. मी त्याला बाइंडिंगच्या टेबलाशी गाठलं. "तुम्हीच मांडून दाखवलंत ना मला? चाळीसपैकी चौतीस फर्मे तेच. त्या कोर्सात काही नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? मग कशासाठी?"

तो सुईत दोरा ओवावा तसा सावकाश बोलला. "कोर्सात काही नाही, माहीत आहे. पण आता माझ्या हातचं तिला काही द्यायचं नाही."

त्या वर्षी क्लासच्या पुस्तकांचं काम आलं तेव्हा त्याने मालकांना सांगितलं, हे बाहेर द्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कशाला तरी नाही म्हटलं. मालकांनी बाहेर दिलं. त्या लोकांनी टाके न घालता नुसतं चिकटवून दिलं.

तीन महिन्यांनी मुलगी कोर्स संपवून संध्याकाळी छापखान्यात आली. चेहरा उतरलेला, हातात क्लासचं पुस्तक, पानं सुटून बाहेर आलेली. "बाबा, एवढं शिवून दे ना."

दाभण तेव्हा कुणाचं तरी जमाखर्चाचं जाड बाड शिवत होता. त्याने हात पुसले, पुस्तक घेतलं, पाठ बघितली आणि परत तिच्या हातात दिलं. "नाक्यावर देतात शिवून. तिथे टाक."

तिने सुटी पानं आकड्यांनुसार लावून घेतली, दोनदा मोजली आणि गेली.

टेबलाखाली एक पान राहिलं होतं. दाभण ते उचलायला वाकला आणि तसाच थांबला. मग पानाला हात न लावता सरळ झाला आणि मला म्हणाला, "गुरुजी, हे तुम्ही पोचवा तिला. आधी वाचून बघा."

मी ते पान दोन्ही बाजूंनी वाचलं. चूक नव्हती. तरी पुन्हा वाचलं.