दुसरं सॅम्पल

बाटल्यांची झाकणं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, असं मी कुठल्या लग्नात सांगितलं की शेजारची बाई लगेच जेवणाच्या रांगेत उभी राहते. म्हणून आता लिहूनच टाकते.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तो गाळा होता. औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं तिथे बनायची. माझी जागा चेकिंगच्या टेबलावर. पोतं आलं की मूठभर झाकणं काढायची, बाटलीवर फिरवून बघायची, नीट बसली तर माल पुढे. बसली नाहीत तर लगेच माल फेकायचा नाही, त्याच पोत्यातून दुसरं सॅम्पल काढायचं. पहिल्या मुठीत वाईटच झाकणं आली असतील, काय सांगावं. हे मी झोपेतही केलं असतं.

टेबलासमोर काचेची केबिन होती आणि आत सुपरवायझरची हात असलेली खुर्ची. आमची स्टुलं. सुपरवायझर रिटायर होणार होते आणि ती खुर्ची मला हवी होती. उगाच लाजत नाही, फार हवी होती.

पण माल आता परदेशात जायला लागला होता आणि तिकडच्या पार्टीला सुपरवायझर स्टॅटिस्टिक्स शिकलेला हवा होता. शेठनी मला आणि नवीन लागलेल्या मुलीला एकत्र बोलावलं. "बेन, कॉलेज का कोर्स है, कम्प्युटर पे होता है. दोनो करो. जिसके मार्क ज्यादा, उसकी केबिन." ती मुलगी नुकतीच बी.कॉम. होऊन आलेली. झाकण कसं धरायचं ते मीच तिला शिकवलं होतं.

घरी कम्प्युटर होता, मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला, म्हणजे गेम खेळायला. इंटरनेट केबलवाल्याचं. गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या त्याच्या वायरवर कावळा बसला तरी ते जायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे सर दिसायचे आणि बेसबॉलची उदाहरणं द्यायचे. गोडदेवात ज्याची बॅटसुद्धा कुणी पाहिलेली नाही त्या खेळाची सरासरी मी पोळ्या लाटता लाटता काढत होते. पण सांगते, कळायला लागलं. स्टँडर्ड डेव्हिएशन मला सासूबाईंच्या आमटीवरून कळलं. सरासरी मीठ बरोबर, पण आज आळणी आणि उद्या खारट.

मग पहिली टेस्ट झाली. दहापैकी सहा. खाली एक बटण आलं, पुन्हा द्यायची का म्हणून विचारणारं.

इथे आमच्या घराची एक भानगड सांगायला हवी. ह्यांना बी.कॉम.ला एटीकेटी लागली होती. एका विषयात राहिले, पुढच्या खेपेला पास झाले. सगळ्या जगात होतं तसं. पण सासूबाईंनी लग्न जमवताना माझ्या वडिलांना "आमचा मुलगा पहिल्या झटक्यात" असं सांगितलं होतं, आणि नंतर कळल्यावर मी त्याचं सोनं केलं. ह्यांनी भाजी चुकीची आणली की मी म्हणायची, "परत जा आता, तुम्हाला सवय आहे." त्यामुळे आमच्याकडे परीक्षा पुन्हा देणं हा शब्दच घरात काढायचा नव्हता.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, हे बघा, पुन्हा देऊ का विचारतोय."

हे चष्मा लावून वाकले. "नको. अजिबात नको. मार्कशीटवर खूण येते."

"कम्प्युटरवरच्या मार्कशीटवर पण?"

"खूण सगळीकडे येते. मला विचार."

मी बटण बंद केलं. सहा तर सहा, पण पहिल्या झटक्यात. प्रत्येक टेस्टला ते बटण यायचं आणि प्रत्येक वेळी मी ते ताठ मानेनं बंद करायची. शेवटच्या परीक्षेला सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. माउसला साखर लागली.

पास झाले. साठाच्या जरा वर. सर्टिफिकेटचा कागद काढून गाळ्यात नेला. शेठनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मुलीचे नव्वदच्या वर होते.

"बेन, आपने भी अच्छा किया," शेठ म्हणाले. ते "भी" अजून माझ्या कानात आहे.

बाहेर आल्यावर मुलगी अगदी आपुलकीनं म्हणाली, "ताई, तुम्ही टेस्ट परत नाही दिल्यात? तीनदा देता येत होती ना. सगळ्यात चांगले मार्क धरतात. मी तर प्रत्येक टेस्ट तीनदा दिली. कोर्सच्या पहिल्याच पानावर लिहिलंय."

लिहिलं होतं. डिक्शनरी घेऊन मी ते पान वाचलं होतं आणि मला ते नीट समजलंही होतं. ती सोय नापास होणाऱ्यांसाठी असेल, असं ठरवून मी पुढे गेले होते. दिवसभर पोत्यांना दुसरी संधी देणारी बाई मी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आमच्या वेळी खूण यायची." मला भांडायचं होतं, पण कुठून सुरू करणार? पुन्हा परीक्षा देण्याची थट्टा इतकी वर्षं मीच करत आले होते. तेवढ्यात दाराबाहेर सासूबाईंचा आवाज आला. समोरच्या गुजराती बाईंना पेढा देत होत्या. "हमारा बहू कॉलेज का परीक्षा पास हुआ. एक झटके में. हमारे घर में सब ऐसाच है."

हे उठून आत गेले.

सोमवारी मुलगी केबिनमध्ये बसली. खुर्ची तिला मोठी होत होती, पण लोकांना खुर्चीची सवय पटकन होते, स्टुलाची होत नाही. दुपारी एका पोत्यातली झाकणं सैल निघाली. मी पोतं बाजूला सारत होते, तेवढ्यात काच सरकली.

"ताई, त्याचं दुसरं सॅम्पल घ्या ना."

मी घेतलं. माल पास झाला.