ओहोटी मुंबईची, तळं गावचं

सकाळपासून एक आकडा पाठवायचा अडलाय, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या गावी, सिंधुदुर्गात, मामेभाऊ आणि वहिनी खाडीलगत जिताडा माशासाठी तळी खणणार आहेत. मी लालबागला राहणारा सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे नकाशा मी काढला. अशा तळ्यात खाडीचं पाणी पंपाने भरतात, पण घाण पाणी ओहोटीला आपोआप निघून जायला हवं. म्हणून तळ्याचा तळ ओहोटीच्या पाण्यापेक्षा उंच लागतो. मी दिलेल्या त्या उंचीवर भावाने खाडीतल्या बांबूला खूण केली होती.

आज पौर्णिमा. वहिनी सकाळी साडेसहाला चिखलात उतरल्या आणि मला व्हिडिओ कॉल केला. "भावजी, पुरी सुकती (ओहोटी) झाली, तरी तुमची खूण हातभर पाण्यात आसा. ह्यो आकडो खंयचो?"

फाइल उघडली आणि चूक दिसली. ओहोटीचा आकडा मुंबईचा होता. मुंबईइतकं पाणी गावच्या खाडीत खाली उतरत नाही. लहानपणापासून दादर चौपाटीवर बघितलेली ओहोटी मी गावच्या खाडीला लावून मोकळा झालो. तळ्यात घाण पाणी तुंबलं असतं, मासे गुदमरून मेले असते.

जेसीबी उद्या येतोय. वहिनी रागावल्या नाहीत. "आता नवो आकडो धाडा, तसाच खणूया," एवढंच म्हणाल्या.

तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढलेला नवा आकडा चारदा तपासलाय, पण पाठवायची भीती वाटतेय. तुम्ही काय केलं असतं?

भीतीचं कारण एकच, त्या खाडीत मी आजवर एकदाही उतरलेलो नाही. आणि वहिनींनी ते अजून विचारलेलं नाही.