आधी जोड, मग रंग

सांगितलं की लोक हसतात. पन्नाशी उलटलेली बाई, ठाण्यात दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, आणि वर्तकनगरला घरी येऊन करते काय, तर लढाऊ विमानं जोडते! हसोत बापडे. मला हा नाद माहेरी लागला, आंबिवलीला, माझ्या धाकट्या भावाबरोबर.

वडील कंपनीत होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यानं आपल्या मुलांचं सुटे भाग जोडून करायच्या प्लॅस्टिकच्या विमानाचं न उघडलेलं खोकं वडिलांना देऊन टाकलं. भावाला धीर कुठला! त्यानं सुटे भाग आधीच रंगवले आणि मग आम्ही ते चिकटवले. गणपतीत ते विमान मखरावर दोऱ्यानं टांगलं. दुसऱ्या दिवशी भर आरतीत त्याचा एक पंख सुटला आणि थेट मोदकांच्या ताटात पडला. आई जाम भडकली. वडील हातात टाळ धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पंख उचलून न्याहाळत म्हणाले, "अरे, रंगावर चिकटवलंय, धरणार कसं?" खरंच होतं. या विमानांचा पातळ गोंद असतो, त्याला सिमेंट म्हणतात, त्यानं प्लॅस्टिक जरासं विरघळतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. मध्ये रंग आला की संपलं. तेव्हापासून आमचा कायदा ठरला, आधी जोड, मग रंग. जोडताना भाऊ दोन्ही तुकडे दाबून धरायचा आणि मी फटीत ब्रशनं सिमेंट सोडायचे.

वडील गेले त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून मोठं विमान मागवलं, दुसऱ्या महायुद्धातलं, खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख दीड फूट. तेराव्यानंतर एकमेकांशी काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं, म्हणून हा उद्योग काढला. धड माझ्याकडे, पंख त्याच्याकडे. पंख म्हणजे एकच सलग तुकडा असतो, तो शेवटी धडाच्या पोटाखालून बसवायचा. मी लॅबमधल्या जुन्या टोच्यांनी आतली बैठक कोरत बसायचे. औषधाच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून वैमानिकाचे पट्टे केले, टेलिफोनच्या तारेतून इंजिनच्या नळ्या काढल्या. तो आंबिवलीला आपल्या टाइल्सच्या दुकानात, गिऱ्हाईक नसलं की, पंखावर सुईनं पत्र्याच्या एकेका खिळ्याचा ठिपका टोचायचा. असे शेकडो. फोनवर विचारायचा, "ताय, पट्ट्याचं बक्कल केलंस काय?" मी म्हणायचे, "तू तुझे खिळे बघ."

जोडायला तो रविवारी येणार होता. त्याआधीच्या गुरुवारी त्याच्या वकिलाचा माणूस कागद घेऊन दारात उभा राहिला. हक्कसोडपत्र. आमची आंबिवलीची जमीन, आजोबांची भातशेती, बिल्डरला द्यायची होती आणि त्यासाठी बहिणीची सही हवी होती.

आता खरं सांगते, ती जमीन मला नकोच होती. आमच्यात बहिणी सह्या देतातच. माझ्या आत्यांनी दिल्या, मीही दिली असती. पण माझ्या भावाला स्वतः येऊन विचारता आलं नाही? एक फोन नाही? रोज बकलाची चौकशी करणारा माणूस कागद परक्याच्या हातून पाठवतो? माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला म्हटलं, "जाऊन सांग, सही मिळणार नाही." आणि धाडकन दार लावलं. वाटलं होतं, रागारागानं का होईना, भाऊ धावत येईल. आला नाही. रविवारी आला नाही, भाऊबीजेला आला नाही. मी ताट तयार ठेवून साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि मग निरांजन विझवलं. नवरा म्हणाला, "तूच कर ना फोन." मी नाही केला. हट्टाला आम्ही दोघंही बापावर गेलोय.

अकरा महिने असेच गेले. धड कपाटावर पडून होतं. शेवटी मीच हरले. जमीन घाल चुलीत, म्हटलं, भाऊ तर राहील. त्याच्या वकिलाला कळवलं आणि कल्याणच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात जाऊन सही केली. अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसले. भाऊ शेजारच्याच खुर्चीत होता. कानावरचे केस पांढरे झाले होते, बारीक झाला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "रविवारी ये ना रे पंख घेऊन. जोडून टाकू." तो चपलेकडे बघत म्हणाला, "बघू."

रविवारी खोकं आलं. कुरियरनं.

उघडलं आणि आधी आनंदच झाला मला, वेड्यासारखा. पंख काय केला होता म्हणून सांगू! खिळ्यांच्या ओळी सरळ, चाकांच्या खाचेत तेलाचे डाग, बंदुकीच्या तोंडाशी काजळी. वर हिरवा आणि मातकट रंग, अगदी चित्रातल्यासारखा. मग कळलं. रंग दिलाय. न जोडता रंग दिलाय. पंख उलटा करून पाहिला. कधी आधी रंगवावं लागलंच, तरी धडाला जिथे चिकटतो ती कड आम्ही नेहमी कोरी सोडायचो. तिथेही रंग होता. एक नाही, दोन हात.

नवरा म्हणाला, "त्यात काय, खरवड की. मी धरतो." ते मला माहीत नाही? दहा मिनिटांचं काम. पण मी त्याच्यावर खेकसले आणि आतल्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला.

"अरे, जोडावर रंग दिलायस."

"हां."

"असं कसं केलंस? विसरलास काय रे?"

दुकानात कुणीतरी टाइल्स उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नाय ताय," तो म्हणाला, "विसरलो नाय."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.