आला, आली, आलं

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली काकू म्हणत. शर्टांना काजं करताना तिचे हात कधी चुकले नाहीत. चुकायची ती जीभ.

मुलगा म्हणून वाढवलेलं तिचं एकुलतं एक लेकरू एक दिवस म्हणालं, "आई, मी मुलगी आहे." काकूनं आधी आदळआपट केली, मग अबोला धरला. पोर घर सोडून हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथे अशाच मुलामुलींसाठी केंद्र होतं. निजायला जागा, समजून घेणारा डॉक्टर आणि रुग्णसेवेचा वर्ग. जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्या तोंडून 'आली' निघेल, तेव्हा येईन."

म्हणून काकू केंद्रातल्या पालकांच्या वर्गाला जाऊ लागली. शिकवायला होती ताई. तीही याच वाटेनं आलेली. आवाज घोगरा, बोलणं तिखट.

"आमची... आमचा... आमचं..." एक बसकंडक्टर अडखळला. त्याची मुलगी आता मुलगा म्हणून राहत होती.

"अहो, तीन-तीन तिकिटं कशाला फाडताय? माणूस एकच आहे ना!" ताई म्हणाली, तशी खोली हसली. कंडक्टरही हसला, मग त्यानं डोळे पुसले.

काकूनं स्वतःपुरती पळवाट काढली होती. लेकरू जेवलं, लेकरू झोपलं, असंच ती बोलायची. ताईनं ते बरोब्बर पकडलं.

"काकू, लेकरू किती दिवस म्हणणार? घोडी झालीय ती."

"जीभ वळत नाही गं."

"वळवायची."

मग काकू मशीनवर बसून पुटपुटायची, आली, गेली, जेवली. शेजारची विचारायची, "कोण एवढी येतेय-जातेय गं तुझ्याकडे?"

शेवटी एकदा तिनं फोनवर एका दमात विचारलं, "कधी येतेस?" पलीकडून उत्तर आलं, "रविवारी."

रविवारी दुपारी ताईचा फोन आला. बसथांब्यावर चौघांनी पोरीला गाठून मारलं होतं.

दवाखान्याच्या खिडकीशी काकू पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. आतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण तुमचा?"

"माझा मुलगा हो! वाचवा त्याला!"

त्यानं तसं लिहून घेतलं. स्ट्रेचर पुरुषांच्या वॉर्डाकडे वळलं, तेव्हा कुठे काकूला आपण काय बोललो ते कळलं. ती धावत परत आली.

"मुलगी आहे ती! बायकांच्या वॉर्डात ठेवा."

"मघाशी मुलगा, आता मुलगी. आधी ठरवून या, काकू."

पुरुषांच्याच वॉर्डात खाट मिळाली. तिथल्या सगळ्या माना त्या एका खाटेकडे वळलेल्या. पोरीच्या ओठाला टाके, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. शेजारच्या पेशंटचा भाऊ उठून निरखून बघत होता.

काकू वाकली. "चुकलं गं माझं. तुला इथून..."

पोरीनं तिचं मनगट घट्ट धरलं. कधीच टाकून दिलेल्या जुन्या, जाड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मी बरा आहे, आई. हळू बोल."

काकूनं स्टूल ओढलं आणि वॉर्डाकडे पाठ करून ती पोरीला आडोसा देत बसली. रात्रंदिवस तिथून हलली नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी ताई टॅक्सी घेऊन आली.

"घरी जाऊ या ना?" आत बसल्यावर काकूनं विचारलं.

पोर खिडकीबाहेर बघत राहिली. ड्रायव्हरला केंद्राचा पत्ता ताईनं सांगितला.